सेमेसेचा भोंगा

आमच्या फुनाफुती बेटाच्या विमानतळावर भोंगा वाजवायचं काम सेमेसेचं, आणि गोगो या फुटबॉल संघाचा प्रशिक्षकही सेमेसेच. यात आम्हाला कधी काही वावगं वाटलं नाही. दहा-अकरा हजार माणसांचा देश आमचा. पंच शाळेत गणित शिकवतो, गोलरक्षक रविवारी चर्चमध्ये प्रवचन देतो. माणसं थोडी आणि पदं ढीगभर, मग करणार काय?

सेमेसे बावन्नचा. पोट पुढे, जीभ त्याच्याही पुढे. गोगोने राष्ट्रीय चषक शेवटचा जिंकला तेव्हा त्याच्या डोक्यावर केस होते. त्याला झाली एकोणीस वर्षं! अंतिम सामना झाला की बाकीच्या सगळ्या संघांनी विजेत्यांना जेवू घालायचं, पंगतीत स्वतः वाढायचं आणि वर त्यांच्या नाचाला टाळ्या द्यायच्या, ही आमच्याकडची रीत. एकोणीस वर्षं सेमेसे वाढतोय. त्यात बायको सुलुफाइंगा अकिआकी संघाच्या घरातली. अकिआकी म्हणजे नेहमीचे विजेते. दरवर्षी ती माहेरच्यांच्या रांगेत ऐटीत बसायची आणि म्हणायची, "अहो गोगोवाले, इकडे जरा मासा वाढा की!"

यंदा मात्र गोगोचं नशीब फळफळलं. म्हणजे फळं पिकली ऑस्ट्रेलियात, आणि ती तोडायला बाकीच्या संघांचे निम्मे आघाडीवीर विमानात बसून गेले. गोगोच्या पोरांना कुणी नेलंच नाही. सेमेसे छाती काढून सांगायचा, "माझा संघ अखंड आहे!"

भरतीचं पाणी जमिनीतून वर येऊन मैदानाचं तळं झालं होतं, म्हणून यंदाचे सगळे सामने धावपट्टीवर. विमान आठवड्यातून तीनदा. एरवी पट्टी आमचीच. संध्याकाळी चटया, डुकरं, म्हाताऱ्या, सगळं तिथेच. भोंगा वाजला की उठायचं, विमान उतरलं की परत बसायचं. सेमेसेची खुर्ची कडेच्या शेडमध्ये, डाव्या हाताला भोंग्याचं बटण. तिथूनच तो संघाला शिव्या घालायचा.

पाचव्या सामन्यात गोगो दोन-एकने पुढे, सहा मिनिटं बाकी, आणि अकिआकीचा वाइसुआ एकटा गोलसमोर. तेवढ्यात भोंगा! हाडीमाशी खिळलेली सवय. खेळाडू, पंच, डुकरं, सगळी कडेला पळाली. विमान काही आलं नाही. अंधार पडायला आला तसा पंच पेनितालाने सामना आहे त्या गुणांवर संपवला.

"ढगात आवाज आला होता," सेमेसे म्हणाला.

"ढगात की पोटात?" बायकोने विचारलं.

त्या दिवसापासून भोंग्याला 'बारावा खेळाडू' नाव पडलं. सेमेसे त्यावरही हसायचा, निर्लज्ज कुठला! त्याच गुणांच्या जोरावर गोगो अंतिम सामन्यात पोचला, समोर पुन्हा अकिआकी.

अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळीच निरोप आला, आजचं विमान रद्द. अख्खं बेट पट्टीवर लोटलं. गोगोने विसाव्या मिनिटाला गोल केला आणि पुढचा तासभर नुसती लाथाळी करत तो राखला. शेडमधला वायरलेस मध्येमध्ये खरखरत होता. सामन्यात व्यत्यय नको म्हणून सेमेसेने त्याचा आवाज बारीक केला. त्यावर बोलणार कोण, विमान तर रद्द!

तीन मिनिटं उरली असताना गोगोच्या प्रवचनकार गोलरक्षकाने वाइसुआचा पाय धरून त्याला आडवा पाडला. पेनल्टी. सेमेसेने कपाळाला हात लावला, आणि त्या शांततेत त्याला वायरलेस ऐकू आला. वैमानिक चिडला होता. विमान उशिरा का होईना सुटलं होतं, चार मिनिटांत उतरत होतं.

सेमेसेचा हात बटणावर गेला आणि थांबला. पेनल्टी होऊन जाऊ दे, मग वाजवू? चुकली तर चषक आपला! हा विचार त्याच्या मनात आला, हे त्यानेच नंतर सांगितलं. मग त्याने बटण दाबलं.

भोंगा बोंबलला. पट्टीवर हशा पिकला. एक माणूस हलेल तर शपथ!

"मामा, दुसरं गाणं नाही का?" वाइसुआ चेंडू ठेवत ओरडला.

सेमेसे शेडबाहेर आला. "आईची शपथ, विमान येतंय! उठा!"

"त्या दिवशी कुणाची शपथ होती?" सुलुफाइंगा चटईवर आणखी ऐसपैस बसली. "मी नाही उठायची."

"सेमेसे, रेषेच्या आत पाय टाकलास तर सामना त्यांचा," पेनिताला ओरडला. "नियम आहे."

नियम सेमेसेला पाठ होता. त्याने एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा चटईवरच्या बायकोकडे, आणि रेषेच्या आत धूम ठोकली. वाइसुआच्या पायातून चेंडू उचलला, बगलेत मारला आणि खाजणाच्या दिशेने सुटला. बावन्न वर्षांचं ते पोट असं पळालं की बघत राहावं!

"चोर! धरा त्याला!"

अख्खं बेट मागे लागलं. खेळाडू, पंच, म्हाताऱ्या काठ्या उगारून, आणि सगळ्यांच्या पुढे सुलुफाइंगा, हातात चप्पल. सेमेसे कमरेइतक्या पाण्यात शिरला. तिथे दोन चपला बसल्या, तिसरी बसायच्या आत मागे घरघर झाली. विमान उतरलं. चाकं गेली ती पेनल्टीच्या खुणेवरून. रिकाम्या चटया उडून झाडांवर लटकल्या.

पेनितालाने ओली शिट्टी झटकली, फुंकली, आणि सामना अकिआकीला दिला. "नियम आहे," तो खाली बघत म्हणाला.

"बरोबर आहे," सेमेसे म्हणाला.

विमानातून सगळ्यात आधी एक खोकं उतरलं. त्यात सुवा शहरातून आलेला नवाकोरा चषक होता.

संध्याकाळी पंगत बसली. सेमेसे मासळीचं पातेलं घेऊन विसाव्या वर्षीचं वाढप करायला उभा राहिला. ढोल वाजेनात, पानाला कुणी हात लावेना. शेवटी तोच म्हणाला, "पाचव्या सामन्यात ढगात काही नव्हतं."

"माहितीये!" अख्खी पंगत एका सुरात ओरडली, आणि मग कुठे माणसं जेवायला लागली.

सुलुफाइंगाने उठून त्याच्या हातातला डाव काढून घेतला. "बस इथे माझ्या जागेवर. मी वाढते."

"रीत नाही तशी."

"नसू दे. जेव आणि लवकर झोप. उद्या विमान परत जायचंय, भोंगा तुलाच वाजवायचाय." तिने त्याच्या पानात मोठा तुकडा वाढला. "आम्ही उठू."