साहेबांच्या छातीवर आपटलेला नॅनो चेंडू

दौंडजवळच्या टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धेतून ‘नॅनो’ चेंडू पहिल्या सामन्यानंतरच हद्दपार झाला आहे. स्पर्धा समितीचे अध्यक्ष आबा यांनी काल फोनवर तसं पक्कं सांगितलं. कारण विचारलं तर म्हणाले, “बॉल चांगला हाय. पण आमच्या कामाचा न्हाई.” चांगला चेंडू क्रिकेटच्या कामाचा का नसतो, ते मी मैदानाच्या कडेला उभा राहून पाहिलं आहे.

या वाटेला लागलो ते रेखाताईंमुळे. टायरच्या कारखान्यात रबराचं मिश्रण सांभाळण्याची नोकरी सोडून त्यांनी शिरूरबाहेर पत्र्याची शेड टाकली, आधी गाड्यांची पायपुसणी केली आणि मग चेंडू करायला घेतले. त्यांचा चेंडू पहिल्यांदाच मोठ्या स्पर्धेत उतरणार होता. “उद्घाटनाला या, बघा तरी,” म्हणाल्या. निघालो.

पुण्याहून शिरूरला जायचं तर एसटी बरी. स्वतःची गाडी नेलीत तर वाघोलीत आणि शिक्रापूरच्या चौकात तेवढाच वेळ तुंबून राहाल, वर क्लच दाबून पाय दुखवून घ्याल. शेजारच्या सीटवर न्हावऱ्याचे एक मामा होते, मांडीवर कांद्याच्या रोपांची जुडी. कुठं निघालात विचारलं, तेव्हा नॅनो चेंडूचं सांगितलं.

“नॅनो? ती बाटलीतली? आम्ही उसाला फवारतो की.”

“ते खत, मामा. हे रबरात घालतात.”

“म्हंजी आता बॉलला बी फवारा! आन् मग त्यो किती फुटवं धरतो?”

त्यांची थट्टा चुकीची नव्हती. शिरूरच्या बाजारात रंग नॅनो, धुण्याची पावडर नॅनो, एका दुकानात तर पाण्याची टाकीही नॅनो. टाकी हत्तीएवढी. एसटी स्टँडजवळची मिसळ तेवढी बिनशास्त्रीय निघाली: ऐंशी रुपये, तर्री मागाल तितकी.

शेडमध्ये मात्र तो शब्द कुठेच रंगवलेला नव्हता. रेखाताईंनी चिमूटभर पांढरट भुकटी तळहातावर घेतली. “ही मातीच. फक्त तिचे थर सुटे केलेत, डोळ्याला दिसणार नाहीत इतके पातळ. साध्या रबरातून हवा सरळ बाहेर जाते. यात तिला उसाच्या फडात शिरलेल्या माणसासारखं फिरावं लागतं. वाट सापडेपर्यंत मोसम संपतो.”

साधा चेंडू काही षटकांत मेतकुटाच्या भातासारखा मऊ पडतो, हे मैदानी खेळाडूंचं नेहमीचं रडगाणं. ताईंचा चेंडू आठवडाभर आपटून झालेला होता, तरी तो फरशीवरून माझ्या खांद्यापर्यंत आला. कोपऱ्यात गाड्यांच्या पायपुसण्यांचे साचे धूळ खात पडले होते. “दौंडला चालला तर गावोगावच्या समित्या घेतील. नाहीतर मिक्सिंगचं मशीन विकायचं आणि परत पायपुसणी,” त्या म्हणाल्या. अगदी सरळ आवाजात.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेम्पोतून निघालो. न्हावऱ्यावरून चौफुल्याचा रस्ता गाळपाच्या दिवसांत घेऊ नका असं सांगितलं असतं, पण दुसरा आहे कुठे? उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांमागे बैलगाडीच्या वेगाने भीमेचा पूल ओलांडला, चौफुल्याला चहा घेतला, पाटसवरून दौंड गाठलं.

मैदान म्हणजे तुटून गेलेल्या उसाचं सपाट केलेलं रान. खेळाडूंना सावली नव्हती. फ्लेक्सवरच्या साहेबांना होती, मंडपाची. साहेब येईपर्यंत दोन्ही संघ उन्हात ताटकळले. मग खेळपट्टीवर नारळ फुटला, त्याचं पाणी मातीत मुरलं, आणि आपल्याकडच्या प्रत्येक स्पर्धेचा तो पवित्र विधी सुरू झाला: उद्घाटकांनी पहिला चेंडू खेळायचा, गोलंदाजाने तो मारता येईल असा टाकायचा, आणि काहीही झालं तरी निवेदकाने षटकार जाहीर करायचा.

गोलंदाज या कामात मुरलेला होता. त्याने दरवर्षीसारखा हळू, जरासा आखूड चेंडू सोडला. मेलेला चेंडू तिथून कमरेपर्यंत आला असता. हा जिवंत होता. नारळाच्या पाण्याने झालेला चिखल घेऊन तो उसळला आणि साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर, बरोबर छातीवर, गोल शिक्का मारून खाली पडला.

डीजे थांबला. निवेदक म्हणाला, “साहेबांनी चेंडू छातीवर झेलला! टाळ्या!”

साहेब हसले. फोटोपुरते. मग गाडीत बसून गेले.

सामना त्याच चेंडूने झाला आणि शेवटच्या षटकातही त्याची उसळी हलली नाही. दोन्ही कर्णधार रेखाताईंना शोधत आले, तेव्हा आबा ताईंना मंडपामागे घेऊन गेले होते.

“ताई, लई उडतोय.”

“आबा, उडावा म्हणूनच केलाय.”

“पोरांसाठी उडू द्या की. सायबासाठी कशाला उडवता?”

“चेंडूला कसं कळणार समोर कोण आहे?”

“ते तुम्ही बघा. विज्ञान तुमचं हाय.”

समितीतल्या एकाही माणसाने चेंडू किती षटकं टिकला, हे विचारलं नाही. रबराला लागलेल्या सगळ्या अकलेची परीक्षा एका शर्टावर झाली आणि निकाल आबांनी लावला.

मी रेल्वेने परतलो. दौंड-पुणे पॅसेंजर स्वस्त आहे, केडगावपर्यंत खिडकीही मिळते. घरी आल्यावर लक्षात राहिला तो चेंडू नव्हे. टेम्पोत उरलेले खोके भरताना रेखाताई एकेक चेंडू पुसत होत्या, जणू चूक त्यांचीच होती.

आज त्यांचा फोन आला. न्हावऱ्याची समिती चेंडू घ्यायला तयार आहे, एका अटीवर: उद्घाटनाचा चेंडू वेगळा, हवा नसलेला, अजिबात न उसळणारा. आणि ‘नॅनो’ हा शब्द मोठ्या अक्षरांत फक्त त्याच्यावर छापायचा, कारण पेपरात फोटो त्याचाच येणार. ताईंनी तो करून ठेवला आहे. स्पर्धा येत्या रविवारी सुरू होतेय आणि उद्घाटक तेच साहेब आहेत. त्या मेलेल्या चेंडूला त्यांची बॅट लागली, तर जिवंत चेंडूंची ऑर्डर त्याच मंडपात पक्की होईल.