रुसलेल्या नवरदेवाचं भाषण

पुढं मी आमच्या पक्षाचा राज्याचा अध्यक्ष झालो, गळ्यात हार पडले, माइकपुढं घसा बसेपर्यंत बोललो. पण माझं पहिलं भाषण मी मिळवलं ते पाटावर बसून, चक्क रुसून.

निजामी अंमलात सभेला परवानगी लागायची आणि आम्हाला ती मिळायची नाही. लग्नाला मात्र लागत नसे. वसमतजवळच्या एका गावात माझं लग्न ठरलं, तेव्हा आमचे ज्येष्ठ कार्यकर्ते, ज्यांना आम्ही काका म्हणायचो, खूश होऊन म्हणाले, "मांडव आयताच मिळाला! माणसं वऱ्हाडी म्हणून येतील. तू मराठी शाळेवर बोल." त्या काळी शाळेत सगळं उर्दूतून. घरी मराठी बोलणारी आम्ही पोरं गणितही उर्दूतूनच घोकायचो.

सासऱ्यांना याचा वास लागला. हळदीचे मोठे शेतकरी, मानी माणूस. मला बाजूला घेऊन म्हणाले, "जावईबापू, पोलिसाचे अमीनसाहेब जेवायला येऊन राहिले. मांडवात राजकारणाचा शब्द निघाला तर माझी जमीन जाईल." पण माघार कशी घेणार? गाड्या जुंपून गावोगावची माणसं आली होती आणि निम्म्यांना नवरी कोणाची हेही ठाऊक नव्हतं. ती नुसती जेवून परत गेली असती, तर आमच्या बोलावण्याला पुन्हा कोण आलं असतं?

पंगत बसली. आमच्याकडं नवरदेवानं पहिल्या घासाला रुसायचं असतं आणि त्याचा हट्ट पुरवल्याशिवाय कोणी पानाला हात लावत नाही. मला एकदम सुचलं. मी हात आखडता घेतला.

सासऱ्यांनी हसत अंगठी पुढं केली. मी मान हलवली. मग घंटी वाजवत नवीकोरी सायकल आली. खरं सांगतो, जीव अडकला माझा तिच्यात! तरी म्हणालो, "मला भाषण करू द्या."

सासऱ्यांचा चेहरा पांढराफटक. अमीनसाहेब पानावरच्या बुंदीकडं बघत बसले होते. शेवटी तेच ओरडले, "अरे, बोलने दो ना! भूक से जान जा रही है!"

मी उभा राहिलो आणि पाठ केलेलं सगळं विसरलो. शेजारच्या पाटावरून, मुंडावळ्यांआडून नवरी पुटपुटली. तिचं माझ्याशी ते पहिलंच बोलणं. "माझ्या भावाला घरी पाढे येतात, शाळंत येत न्हाईत. ते सांगा."

तेवढंच सांगितलं, पण जीव ओतून. मांडव टाळ्यांनी दणाणला. कोणीतरी अमीनसाहेबांना विचारलं, "साहेब, हे लिहून घेणार का?" ते म्हणाले, "लिखूँ कैसे? हाथ में तो खाना है." आणि त्यांनी आणखी बुंदी मागितली.

निघताना सासरे स्वतः ती सायकल आमच्या गाडीत चढवत होते. मी ओशाळून म्हणालो, "मामा, हट्ट तर पुरवलात. आता सायकल काहून?"

"गावोगाव बोलत फिरणार न्हवं? पायानं कुठवर फिरताल?" दोरी आवळत ते म्हणाले. "आज घाईत आटोपलंत. पुढच्या बाजाराला आमच्या गावच्या पारावर या. म्या माणसं बोलावतो."