भरवशाचा घोडा

माझा स्वभाव संशयी आहे. दुधाच्या कार्टनवरची तारीख मी दुकानात बघते आणि घरी आल्यावर पुन्हा बघते. सिंगापूरसारख्या शिस्तीच्या गावात माझ्यासारखीची उपासमारच व्हायची, कारण संशय घ्यावा असं इथे फारसं काही घडत नाही. त्यामुळे नवरा रोज सकाळी चहा अर्धा टाकून फोन घेऊन बाहेर जायला लागला, तेव्हा मी लगेच कान टवकारले.

आम्ही तेव्हा तोआ पायोहला एका जुन्या ब्लॉकमध्ये भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. स्वयंपाकघराची खिडकी कॉरिडॉरमध्ये उघडायची. तुआसला जाणारी कंपनीची बस यायच्या आधी हा तिथे उभा राहून हळू आवाजात बोलायचा, आणि मी आत पोळ्या लाटायचं थांबवून ऐकायची. पहिल्या दिवशी ऐकलं, "घोडा भरवशाचा पाहिजे. दिसायला कसा का असेना." दुसऱ्या दिवशी, लहान घोडा बरा वाटतो पण तोच जास्त उसळतो. मग, ऐन वेळी अडकला तर काय करायचं.

मी पुण्याची. आमच्याकडे घोडा म्हणजे चार पायांचा. सिंगापुरात तेव्हा रेसेस व्हायच्या आणि याच्या ऑफिसातले दोघं-तिघं शनिवार-रविवारी तिकडेच असायचे. साधी छत्री घ्यायला चार दुकानं फिरणारा माझा नवरा रेसच्या नादाला लागला, हे माझ्या पचनी पडेना. पण कानांनी ऐकलं होतं. मी काही बोलले नाही. संशयी माणसाला घाई नसते.

मग त्याच्या कमरेचं प्रकरण सुरू झालं. शर्ट नेहमी खोचून घालणारा माणूस ढगळ टीशर्ट घालून घरात फिरू लागला. उजव्या बाजूला टीशर्टाखाली काहीतरी टेंगूळ. तो खुर्चीवर बसायचा, उठायचा, वाकायचा, पुन्हा बसायचा आणि फोनवर काहीतरी टाइप करायचा. लेकीच्याही नजरेतून ते सुटलं नाही. "आई, डॅडीज टमी गॉट कॉर्नर लाह," ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. तो आंघोळीला गेल्यावर मी खुंटीवरची पँट तपासली. मोबाइल चार्ज करायच्या दोन पॉवर बँक रुमालात घट्ट बांधून ते गाठोडं कमरेच्या पट्ट्याला अडकवलेलं होतं. हे बघून माझी मतीच गुंग झाली. रेस खेळणारा माणूस कमरेला दोन बॅटऱ्या बांधून का हिंडेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून आलं, "बाईच्या हाताला फार जड व्हायला नको." तेव्हा मात्र मनात पाल चुकचुकली. घोडा होताच, आता बाईही आली.

रविवारी ईस्ट कोस्टला गेलो होतो. लेक सायकल चालवत होती आणि आम्ही समुद्राकडे तोंड करून बाकावर बसलो होतो. त्याच्या कमरेला गाठोडं होतंच. मी थेट विचारलं, "मग, कुठला घोडा ठरला?"

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मग म्हणाला, "तुला तिनं सांगितलं?"

'तिनं' हा शब्द माझ्या वर्मी लागला. कोण ती, हे आत्ताच्या आत्ता सांग, नाहीतर मी लेकीला घेऊन पुण्याला जाते, असं मी म्हटलं. तो गोंधळून म्हणाला, "ती म्हणजे ताई, अजून कोण?"

ताई म्हणजे माझी नणंद. याच्यापेक्षा लहान, पण घरात सगळे तिला ताईच म्हणतात. लग्न होऊन टेक्सासला गेली होती, औषधांच्या दुकानात नोकरी करत होती आणि तिला दीड वर्षाचा मुलगा होता. ती घोडे घेऊन काय करणार, असं मी विचारलं. तेव्हा याने हाताची दोन बोटं पिस्तुलासारखी धरली, आजूबाजूला बघितलं आणि हात झटकन मांडीखाली घातला. हा गिरगावात वाढलेला. मुंबईत पिस्तुलाला घोडा म्हणतात. बंदुकीला घोडा असतो एवढं मला माहीत होतं, अख्ख्या पिस्तुलालाच घोडा म्हणतात हे नव्हतं. ज्या देशात खेळण्यातलं पिस्तूल सामानातून आणायलाही आम्ही घाबरतो, तिथल्या कॉरिडॉरमध्ये उभं राहून खरा शब्द उच्चारायची त्याची छाती नव्हती.

मग त्याने सगळं सांगितलं. ताईचा नवरा तिला मारत होता. दोनदा गळा आवळला होता. कुणाला बोललीस तर मुलगा दिसणार नाही, असं त्याने बजावलं होतं. ताईने घर सोडायचं ठरवलं होतं, पण तो शोधत येणार याची तिला खात्री होती. तिथे परवाना काढून कपड्यांखाली पिस्तूल बाळगता येतं. ती शिकवणीलाही जाऊन आली होती. कुठलं घ्यावं हे ठरेना म्हणून तिने कॉलेजात एनसीसीत नेम धरायला शिकलेल्या भावाला विचारलं, आणि हा, जातीचा इंजिनिअर, तेवढ्या वजनाचं गाठोडं कमरेला बांधून कुठे टोचतं, कुठे दिसतं, बसताना घसरतं का, हे तिला कळवत होता.

मला आधी याचा राग आला, माझ्यापासून लपवलं म्हणून. मग ताईचा नवरा डोळ्यांसमोर आला. तो जावई म्हणजे सासूबाईंचा जीव की प्राण. त्याने त्यांना रक्तदाब मोजायचं यंत्र पाठवलं होतं. हा माणूस जरा जास्तच गोड बोलतो, असं मी ताईच्या लग्नातच म्हटलं होतं आणि सगळ्यांनी माझ्या स्वभावाला नावं ठेवली होती. माझा संशय खरा ठरला याचा मला जरासुद्धा आनंद झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं कॉरिडॉरमध्ये उभे राहिलो. तिकडे आदली संध्याकाळ होती. ताई मुलाला भरवत होती, म्हणून तिने फोन स्पीकरवर ठेवला होता. हा मुठीच्या जाडीबद्दल, पर्समध्ये का ठेवू नये याबद्दल बोलत होता. दुकानदार बायकांना मुद्दाम छोटे नाजूक घोडे दाखवतो, ते हातात नीट बसत नाहीत, असं त्याचं म्हणणं. जो शंभरदा चालवून एकदाही अडकला नाही तोच घे. मी ऐकत होते. न राहवून मध्येच विचारलं, "ताई, बाळाला कडेवर कुठल्या बाजूला घेतेस?"

आठवडाभर कमरेला गाठोडं बांधून फिरणाऱ्या इंजिनिअरला हे सुचलं नव्हतं आणि तिलाही नव्हतं.

"डाव्या," ती म्हणाली. "पण तो सारखा या बाजूचा त्या बाजूला जातो गं, वहिनी." मी म्हटलं, मग घोडा हाताशी असून काय उपयोग, तू आधी तिथून बाहेर पड. ती काहीतरी बोलू लागली आणि एकदम तिचा सूर बदलला. अगदी मधाळ आवाजात म्हणाली, "हो ना वहिनी, ती मोरपिशीच छान दिसेल." आम्ही कुठल्याही साडीबद्दल बोलत नव्हतो. तिचा नवरा घरात आला होता.

मग त्याचाच आवाज आला. "काय वहिनी, घोड्याचं काय चाललंय? दारापासून ऐकतोय."

मी म्हटलं, "अहो, तुमचे मेहुणे रेसला लागलेत. तेच रडगाणं गात होते ताईपाशी."

तो हसला. मग नवऱ्याने बायकोचा विश्वास कसा मोडू नये, यावर त्याने मला लांबलचक उपदेश केला. मी हो हो म्हणत राहिले.

फोन ठेवल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, घोडा राहू दे, तू जा. तो त्याच आठवड्यात विमानात बसला. तो पोचला त्या दिवशीच ताई मुलाला घेऊन मैत्रिणीच्या घरी गेली. पुढे तिने वकील केला, नवऱ्याने जवळ फिरकू नये असा कोर्टाचा मनाई हुकूम झाला. घोडाही तिने घेतलाच, मधल्या मापाचा, आणि तो रोज कमरेला लावून ती कामावर जाऊ लागली.

वर्षभराने कोर्टाची परवानगी घेऊन ती मुलासकट आमच्याकडे आली. घोडा अर्थातच तिकडे कुलपात ठेवून. आल्याच्या पहिल्याच दिवशी दाराची बेल वाजली. ती भाजी निवडत होती. तिने मुलाला पटकन मागे ओढलं आणि तिचा उजवा हात आपोआप कमरेकडे गेला. तिथे काहीच नव्हतं. मी उठले, आधी दाराच्या भोकातून बघितलं, मग खिडकीतून, मग कोण म्हणून विचारलं आणि नंतरच कडी काढली. पार्सलवाला होता.

मी परत आले तेव्हा ती तशीच बसली होती. म्हणाली, "वहिनी, मी इथे आहे तोवर दर वेळी तूच जा दाराशी."

मग तिने मुलाला सोडलं आणि भाजीचं ताट पुढे ओढलं.