पाइपची लांबी

कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी मी नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या घरात बसून एका नगरपालिकेच्या महसुलाचा अंदाज बांधत होतो. रस्त्याखालून पाइप आणि केबल नेणाऱ्या कंपन्यांकडून ती लांबीनुसार कर घ्यायची. कंपन्या तो लोकांच्या बिलात ढकलायच्या.

ऑनलाइन मीटिंगमध्ये तिथल्या अधिकारी बाईंनी विचारलं, "महामारीचा परिणाम?"

मी ऐटीत म्हणालो, "शून्य. माणसं मेली म्हणून पाइप आखूड होत नाहीत."

कुणीच हसलं नाही. बाईंची आई त्याच आठवड्यात गेली होती, हे मला नंतर कळलं. माफी मागायची सोडून मी मूर्खाने त्यांना सुधारलेला तक्ता पाठवला.

महिन्याभराने पुण्यात माझी आई गेली. मी बाईंना ते कळवलं आणि लिहिलं, चार दिवस काम थांबेल.

त्यांचं उत्तर लगेच आलं: "थांबू द्या. पाइप तेवढेच राहतील."