एकादशीची भरती आणि अकरा दारं

१९६१च्या डिसेंबरात आमची सॅपर प्लाटून दोडामार्गच्या अलीकडे काजूच्या बागेत तंबू ठोकून होती. सॅपर म्हणजे फौजेतला सुतार, खलाशी आणि सुरुंग उकरणारा, तिन्ही एकाच वर्दीत. पाचला उठणं, साडेपाचला पीटी, सातला चहा, मग दिवसभर दोर, गाठी, फळ्या आणि माइन डिटेक्टर. हद्दीपलीकडे पोर्तुगीजांचा गोवा. बागेतून जाणाऱ्या बायका हसून विचारायच्या, "कधी जातलात रे?" त्यांना जेवढं माहीत होतं तेवढंच आम्हाला.

मी मालवणचा. वडील मचव्यावर तांडेल, म्हणजे नावेचे मुख्य खलाशी होते. तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो आणि पाण्यातलं आपल्याला सगळं कळतं अशी माझी खात्री होती. आज पंच्याऐंशी पूर्ण झाली. ती खात्री कुठे आणि किती वाजता गेली ते मला नेमकं सांगता येतं, म्हणून हे लिहायला बसलो.

माझा जोडीदार नायक केशव जाधव, खटाव तालुक्यातला. समुद्र त्याने पहिल्यांदा माझ्या घरी, एका रजेत पाहिला. आईने केलेलं बांगड्याचं तिखलं तीन वेळा मागून घेतलं आणि आईला म्हणाला, "काकू, आमच्याकडं एवढं पाणी असतं तर आम्ही फौजेत कशाला आलो असतो?" मला तो कायम 'तांडेल' म्हणायचा. सुरुंग काढण्यात त्याचा हात कुणी धरत नसे.

अठरा तारखेला सकाळी सहाला आम्ही हद्द ओलांडली. भाषणांत सांगतात की फौजेने छत्तीस तासांत गोवा घेतला. खरं आहे. पण मी पायाखालचा रस्ता पाहिला आहे. सुरुंग पेरले होते त्या प्रत्येक जागेवर गावकऱ्यांनी आमच्या आधीच माडाची झावळं टाकून ठेवली होती. पोर्तुगीज पोलिसांनी पाहिलं असतं तर गोळी. पहिल्या चार मैलांत जाधवला डिटेक्टरने जे सुरुंग सापडले, त्यांतला एकही झावळाबाहेरचा नव्हता. मला म्हणाला, "तांडेल, आपली नोकरी हे लोकच करायला लागले."

पावणेदहाला आम्ही डिचोली भागातल्या एका नदीवर पोचलो. पूल पहाटेच उडवलेला होता, मधली कमान पाण्यात. पलीकडे दगडी भिंतींचं पोलीस ठाणं. गावच्या होड्यांतून इन्फंट्रीचे तीस जवान पार गेले, त्यांच्याबरोबर पलीकडचा काठ तपासायला जाधव. ते शेताच्या बांधापर्यंत गेले असतील नसतील, ठाण्यातून मशीनगन सुरू झाली. तीस जण बांधाआड अडकले. मागे नदी, पुढे उघडं शेत.

दगडी भिंत फोडायला अँटी-टँक गन हवी होती. ती आमच्या काठावर, जीपच्या मागे जोडलेली. होडीत मावणारी वस्तू नव्हे. पुलाचं सामान घेऊन येणारे ट्रक मागे तुटलेल्या मोरीवर खोळंबलेले. एकच वाट होती. पुलाच्या वरच्या अंगाला गुरं उतरायची तो उतार, पण तो पूर्ण ओहोटीलाच लागे.

कॅप्टनसाहेबांनी विचारलं, "तू कोस्ट का है ना? लो टाइड कब?"

आमच्याकडे याला पंचांग नको आणि घड्याळ नको. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. त्या दिवशी एकादशी. अकराची पाऊणपट सव्वाआठ. सव्वाआठला भरती, म्हणजे अडीचच्या सुमाराला ओहोटी. मी छाती काढून सांगितलं, "फोर्टीन थर्टी, सर."

साहेबांनी वायरलेसवर पलीकडे कळवलं. "गन चौदह तीस पर पार करेगी. ओवर."

उत्तर आलं. "चौदह तीस तक रुकेंगे. एम्युनिशन कम है. ओवर."

शेजारी होडीत एक पन्नाशीचा माणूस बसला होता. लंगोटी, डोक्याला पंचा. पांडू तारी. तार म्हणजे होडीची ये-जा, आणि ती चालवणारा तारी. आमचे तीस जवान त्यानेच पार नेले होते. तो मला म्हणाला, "तुजी सुकती मालवणची. हांगा पावपाक तिका पावणे दोन वरां लागतात."

सुकती म्हणजे ओहोटी आणि वरां म्हणजे तास, एवढं मला कळलं. माझं डोकं सणकलं. तांडेलाच्या मुलाला नदीकाठचा तारी पाणी शिकवणार? मी म्हटलं, "काकानू, माझो बापूस तांडेल आसा."

"आसतलो," तो म्हणाला. "दर्यार आसतलो. वेळेर पळय मरे."

वेळ म्हणजे काठ. मी तिकडे पाहिलं. माझ्या हिशोबाने भरती उतरायला लागून अडीच तास होऊन गेले होते. काठावर हातभर ओल्या चिखलाचा पट्टा दिसायला हवा होता. पट्टा जेमतेम वीतभर होता. पाणी आत्ता कुठे वळलं होतं. समुद्राचं पाणी एवढं आत चढायला वेळ लागतो आणि उतरायलाही लागतो, ही साधी गोष्ट मी विसरलो होतो. विसरलो कुठला, मला कधी गरजच पडली नव्हती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल त्या दिवशी मी होतो.

उतार सव्वाचारच्या आधी लागणार नव्हता. बांधाआडच्या तीस जणांना मी अडीचचा शब्द दिला होता, आणि त्यांच्याबरोबर जाधव होता. गप्प बसलो असतो तर अडीचला जीप नदीत घातली असती आणि गनसकट बुडवली असती. कोर्टमार्शलची भीती नव्हती, लाज होती. ती सांभाळत मी दोन-तीन मिनिटं तसाच उभा राहिलो. त्या मिनिटांचा मला आजही राग येतो.

मग गेलो. "सर, मेरा टाइम गलत है."

"कितना?"

"पौने दो घंटा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "गलती बता दी, ठीक. अब इलाज बता."

इलाज माझ्याकडे नव्हता, तारीकडे होता. लग्नाचं वऱ्हाड, म्हैस, एकदा तर देवाची पालखी त्याने याच नदीतून नेली होती, सांगडीवर. दोन होड्या शेजारी शेजारी बांधायच्या आणि वर फळ्यांचा माळा ठोकायचा, ती सांगड. जीप आणि गनसाठी त्याने चार होड्या धरल्या. दोर आमच्याकडे रगड होते, फळ्या नव्हत्या.

"दारां हाडात!" तो गावाकडे तोंड करून ओरडला. दारं आणा.

ज्या गावात पोलिसांच्या भीतीने दिवेलागणीला कड्या लागत, त्या गावाने भर दुपारी घरांची दारं बिजागऱ्यांवरून उचलली. गावचे ख्रिस्ती मेस्त, म्हणजे सुतार, पटाशी घेऊन घरोघर धावत होते. पहिलं दार तारीच्या बायकोने डोक्यावरून आणलं आणि साहेबांसमोर टाकलं. म्हणाली, "हें दार पोलिसांनी दोनदां मोडलां. आज हांवें म्हज्या हातान काडलें." साहेब पंजाबी. मी अर्थ सांगितला. त्यांनी तिला सॅल्यूट केला.

अकरा दारं आली. गाठी आम्ही मारल्या, त्या कुठे मारायच्या ते तारीने दाखवलं. एक वाजून दहा मिनिटांनी जीप आणि गन सांगडीवर चढली. ओहोटीची ओढ जबर होती. वरच्या अंगाला दोन दोर, प्रत्येक दोरावर वीस-वीस माणसं, जवान आणि गावकरी सरमिसळ. तारी पुढच्या होडीत वेळू घेऊन उभा. पलीकडून गोळ्या पाण्यात पडत होत्या. तो फक्त एवढंच म्हणत होता, "सोड. धर. सोड. धर."

पलीकडे सांगड लागणार तिथे काठ पेरलेला होता. वायरलेसवर ती जागा कळताच जाधव बांधाआडून सरपटत मागे आला होता आणि त्याने पोटावर पडून सात सुरुंग काढले होते. दोन्ही बाजूंना पांढरी टेप लावून जीपच्या रुंदीची वाट त्याने मोकळी केली होती. ती टेप आम्हाला मधल्या प्रवाहातून दिसत होती. सांगड थोडी खाली सरकायला लागली. जाधव उठून उभा राहिला आणि दोन्ही हात वर करून आम्हाला वाट दाखवू लागला. मी ओरडलो, "खाली बस रे!" तो बसला नाही. सांगड टेपच्या मधोमध लागली, तेव्हा तो पडला.

एक पस्तीसला जीप काठावर चढली. चाकाखाली काही वाजलं नाही. गनने तीन गोळे टाकले. तिसऱ्याला भिंतीचा कोपरा गेला. दोनला पाच मिनिटं कमी असताना ठाण्याच्या खिडकीतून काठीला बांधलेला पांढरा सदरा बाहेर आला.

वायरलेसवर आवाज आला, "पोस्ट हमारा. ओवर."

तीसच्या तीस इन्फंट्रीवाले चालत बाहेर आले. माझ्या चुकलेल्या वेळेच्याही पस्तीस मिनिटं आधी. गाव नदीत उतरलं. माणसं कमरेएवढ्या पाण्यातून आमच्याकडे येत होती, बायका जीपच्या चाकांना नारळ फोडत होत्या, मेस्त आणि साहेब एकमेकांना मिठी मारून उभे होते. गोव्यावरचा साडेचारशे वर्षांचा अंमल त्या गावापुरता संपला होता. तसा आनंद मी पुन्हा पाहिला नाही, आणि त्यात मी जाधवचं डोकं मांडीवर घेऊन रडत होतो. दोन्ही खरं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीकाठी त्याला निरोप दिला. मानवंदनेच्या फायरिंग पार्टीत मी होतो. पूल बांधायला आमची प्लाटून तिथेच राहिली. दारं परत बसवून दिली. तिसऱ्या दिवशी मी चहाला पांडू तारीच्या घरी गेलो, तर तो दारातच म्हणाला, "भितर येवंक जावचें ना. सुतक आसा."

"कोणाचा?"

"जाधवाचें."

दहाव्याला त्याने भटजींना नदीवर आणलं. आम्ही सगळे वर्दीत उभे होतो. तारीने भाताचे दोन पिंड मांडायला सांगितले. दुसरा त्याच्या भावाचा, विठूचा. सहा वर्षांपूर्वी विठू हातात नुसता तिरंगा घेऊन सत्याग्रह्यांबरोबर हद्दीवरून आला होता. गोळी लागली, प्रेत दिलं नाही. भाऊ म्हणून पुढे आलं की पोलीस घरी येणार, म्हणून त्याचे दिवससुद्धा कुणी केले नव्हते.

भटजींनी विचारलं, "जाधवाच्या बापायचें नांव?"

ते मी सांगितलं. त्याची पत्रं मीच टपालात टाकायचो.

"कूळ?"

ते मला ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. भटजी थांबले.

पांडू तारी पाण्यात उभा होता. मान वर न करता म्हणाला, "आमचेंच घाल."

साहेबांनी हळू आवाजात हुकूम दिला, "सावधान." आम्ही टाचा जुळवल्या. भटजींनी एकाच कुळाच्या नावाने दोन्ही पिंडांवर पाणी सोडलं. नायक केशव जाधव, हातात डिटेक्टर. विठू तारी, हातात झेंडा. गोवा कोणी सोडवला असं मला कुणी विचारलं, की ही दोन नावं मी एका दमात घेतो.