खांब हलतात, सर

प्रयोगशाळेत तिला सगळे फणकारा म्हणत. पाठीमागे, अर्थात. तोंडावर ‘मॅडम’. शिंप्याची थोरली लेक. केसाहून बारीक स्फटिकाला मायक्रोस्कोपखाली चार तारा चिकटवायची आणि त्याच वेळी शेजारच्याशी भांडायचीही. हात तसूभर हलायचा नाही. आईला मात्र लेक नेमकं करते काय, ते कधी उमगलं नाही. “तारा जोडतेस ना गं? मग आपल्या दारावरची बेल मुकी का?”

तिच्या स्फटिकात अणू तिकिटाच्या रांगेसारखे एकामागे एक उभे. इलेक्ट्रॉननं त्या एकाच ओळीतून पळायचं, बाजूनं वाट नाही. अणू थरथरला की इलेक्ट्रॉन अडखळणार, आणि इलेक्ट्रॉननं ओढलं की अणूही सरकणार. विभागप्रमुख सरांना हे नामंजूर. अणूंची थरथर धरली की हिशेब लांबतो, म्हणून त्यांनी ती तरुणपणीच समीकरणातून उडवली होती आणि त्याच जोरावर मोठे झाले होते. “अणू म्हणजे खांब,” ते म्हणत. हाताखालच्या माणसांबद्दलही त्यांचं मत तेच: धावायचं सरांनी, बाकीच्यांनी जागेवर उभं राहून आधार द्यायचा.

समीकरण सांगे, स्फटिक जितका थंड, तितका प्रवाह सुसाट. स्फटिक गार करून प्रवाह मोजणाऱ्या फणकाराच्या यंत्रात उलटंच. थंडी एका हद्दीखाली गेली की प्रवाह मान टाकायचा.

“जोडणी तुटली,” सर न बघताच म्हणाले. “हात नाही तुमच्याकडे. उद्या त्या पाहुण्या शास्त्रज्ञ बाई येतील, त्यांना प्रयोग माझा भाचा दाखवेल. आणि यापुढे यंत्रही तोच सांभाळेल.”

यंत्र गेलं की तिचं सगळं कामच गेलं. वर शिंप्याच्या पोरीला ‘हात नाही’!

“त्याला सुईत दोरा तरी ओवता येतो का, सर?”

“टोमणे नकोत.”

दुसऱ्या दिवशी पाहुण्या बाई खुर्चीत टेकल्या, भाच्यानं स्फटिक गार केला आणि पडद्यावरची प्रवाहाची रेघ धाडकन खाली आली.

“मामा... म्हणजे सर, तुटलं!”

“जोडलं होतं यांनी,” सरांनी फणकाराकडे बोट केलं.

तिचं डोकं सणकलं. “सरक रे.” भाच्याला स्टुलावरून उठवून तिनं स्फटिक हळूहळू उबदार केला. रेघ चढत पहिल्या जागी गेली.

“तुटलेली तार उबेनं आपोआप जुळते का, सर? मी तीन वेगळे स्फटिक लावून पाहिलेत. तिन्ही नेमक्या एकाच तापमानाला ‘तुटतात’. हा संप आहे संप! गारठ्यात इलेक्ट्रॉन अणूंना खेचतात, अणू दोन-दोन करून जवळ येतात, जवळ येण्याची ती थरथर तिथंच थिजते, जोड्यांमध्ये फटी पडतात आणि रस्ता बंद. तुमचे खांब हलतात.”

पाहुण्या बाई खुदकन हसल्या. सरांनी घसा साफ केला. “आम्ही तर कधीपासून हेच म्हणतोय.”

“कुणाला? भाच्याला?”

“बरं, बरं. तुमचं समजलं. आता पुढची मोजणी त्याला करू द्या.”

भाचा स्टुलाकडे वळला. फणकारानं स्टूल यंत्राजवळ आणखी पुढे ओढलं आणि दुसरा स्फटिक उचलला.

“मोजणी मीच करणार. तुम्हाला तिकडून दिसत नसेल, सर, तर इकडे या. उभं राहावं लागेल.”