मापात न धरलेला गोल

बातमी चार ओळींची होती. औरंगाबादच्या आमच्या कचेरीत जिल्ह्यांचे टपाल दुपारी फोडतात. परभणीच्या वार्ताहराने पाठवलेल्या कागदावर आधी ज्वारीचे भाव होते, मग एका रखडलेल्या पुलाची हकीकत आणि सर्वांत खाली ही बातमी : ‘येथील मोंढ्यातील जुने मापाडी व फुटबॉलचे शौकीन मारोतराव कातनेश्वरकर यांचे अल्पशा आजाराने निधन झाले.’ अशा बातम्या कापणे हे माझे काम आहे. मी ‘शौकीन’ हा शब्द कापला, नंतर पुन्हा लिहिला आणि कागद छपाईला दिला. त्याला आता पाच आठवडे झाले.

मारोतराव मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, ज्वारीचे माप घालत. पायली भरून पोत्यात रिकामी करायची आणि प्रत्येक पायलीला मोठ्याने आकडा म्हणायचा, हे मापाड्याचे काम. पहिल्या पायलीला कोणताही मापाडी ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो. मारोतरावांचा ‘लाभ’ मोंढ्याच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला ऐकू जाई. हाच आवाज हिवाळ्यात स्टेशनपलीकडच्या मैदानावर असे. तिथे फुटबॉल शील्डचे सामने होत. सेलू, पाथरी, पूर्णा इथले संघ येत, पण गावाचा जीव दोनच संघांत अडकलेला. त्यांची कागदावरची नावे वेगळी होती, गाव मात्र त्यांना मोंढा आणि मोहल्ला म्हणे, मोहल्ला म्हणजे मुसलमानांची वस्ती. मोंढ्याच्या संघाचा हाफबॅक मुसलमान होता आणि मोहल्ल्याच्या आघाडीत एक जोशी खेळायचा, याचे त्या काळी कोणाला विशेष वाटत नसे. मारोतराव मोंढ्याचे. मी तेव्हा परभणीतच राहायचो आणि मीही मोंढ्याचाच. ते कधीही मोंढ्याच्या बाजूला बसत नसत. मोहल्ल्याच्या गोलामागे उकिडवे बसत आणि गोलकीपर करीम याला सामना संपेपर्यंत सोडत नसत. करीम टांग्याची चाके बसवणारा मिस्त्री. आमचा फॉरवर्ड चेंडू घेऊन सुटला की मारोतराव ओरडत, ‘करीम, पोतं उघडं धर, माल यायलाय.’ गोल झाला की मापाच्या चालीवर ‘लाभ’ म्हणत, आणि दुसरा झाला तर ‘दोन’. करीम मागे न बघता उत्तर देई, ‘तेरी पायली फुटेली है, मारोती.’ निम्मे लोक चेंडूपेक्षा हे ऐकायला येत.

निजामाचे राज्य संपवणाऱ्या पोलीस अ‍ॅक्शननंतर पहिल्या वर्षी शील्ड झालीच नाही. दुसऱ्या वर्षी ती पुन्हा सुरू झाली, पण मैदान बदलले होते. त्याआधीच्या रझाकारी वर्षात मोंढ्यातली माणसे मान खाली घालून चालत होती. आता मोहल्ल्यातली माणसे तशी चालत. दिवस मावळायच्या आत घर गाठत, तेही चौघे-पाचजण मिळून. आजूबाजूच्या गावांतून काय काय ऐकू येत होते. त्यातले खरे किती, हे कोणी विचारत नव्हते, कारण थोडे जरी खरे असले तरी पुरेसे होते. मोहल्ल्याचा संघ खेळायला येई, प्रेक्षक मात्र येईनासे झाले. पूर्णेच्या संघाविरुद्ध मोहल्ल्याने तीन गोल केले तेव्हा एकही टाळी वाजली नाही. मारोतराव नेहमीच्या जागी, गोलामागे बसलेले होते. त्या दिवशी तेही एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या सामन्यातही नाही. मला ते शहाणपणाचे वाटले होते.

शेवटचा सामना मोंढा विरुद्ध मोहल्ला असा आला. मोहल्ला एका गुणाने पुढे होता. बरोबरी झाली तरी शील्ड त्यांची, आम्हाला जिंकणे भाग होते. सामना रविवारी होता. शुक्रवारी भर दुपारी करीम मोंढ्यात आला. कित्येक महिन्यांत तो तिकडे फिरकला नव्हता. मी तेव्हा शाळेत शिकवत असे आणि एका साप्ताहिकाला सामन्यांचे वृत्त पाठवत असे. संघातल्या बदलाबद्दल विचारायला मी मारोतरावांजवळ उभा होतो, म्हणून पुढचे बोलणे मला शब्दशः आठवते.

‘मारोतीभाई, आजकल तुम चिल्लाते नै,’ करीम म्हणाला.

‘कामून चिल्लाऊ? तुमचे दिवस वाईट हायेत. म्हनलं, उगं कशाला...’

‘हौ. तुमकू रहम आया. पर हमारे लोगां कू वो नै मालूम. मारोती चुप बैठा बोले तो मोंढे में कुछ तो भी पक रा, बोलते. औरतां मर्दों कू मैदान पे आने नै दे रे.’

मारोतरावांनी पायली खाली ठेवली. ‘म्हंजी मी चिडवीना म्हनून तुमी भ्यायलाव?’

‘हौ ना.’ करीम आवाज उतरवून म्हणाला, ‘और एक बात. बुजुर्गां बोले, इतवार कू हार जाओ. शील्ड मोंढे कू जाने दो, बस्ती सलामत रहेगी. पोट्टे मान गए.’

‘आन तू?’

‘मेरे से नै होता. मैं गोल में खडा रहता, भाई. सब मेरे सामनेच होता.’

तो गेल्यावर मी मारोतरावांना स्पष्ट सांगितले, की त्यांनी गप्पच बसावे. रविवारी खेड्यांतून माणसे येणार होती. त्यांतल्या काहींची घरे रझाकारांनी जाळली होती. मोंढ्याच्या माणसाने मोहल्ल्यावर आवाज चढवला एवढेच त्यांना दिसले असते, त्यातला खेळ दिसला नसता. शिवाय पोलिसांच्या अमीनने, तेव्हा फौजदाराला अमीन म्हणत, बजावून ठेवले होते की आरडाओरडा झाला तर सामना तिथेच बंद. मारोतरावांनी ऐकून घेतले. ‘तुमचं बराबर हाय, मास्तर,’ ते म्हणाले. ‘पर रझाकाराच्या साली ह्यो करीम रोज ह्या फाटकापुढून चाक ढकलत जायचा आन मला चिडवायचा. तुझा संघ असा, तुझी पायली तशी. मला वाटायचं, ह्यो चिडवायलाय म्हंजी आज आपून नीट घरी जाताव.’ एवढे बोलून त्यांनी पुन्हा पायली उचलली.

रविवारी मैदानाच्या कडेने पोलीस उभे होते. मोहल्ल्याचे तीसेक लोक आले होते. ते रस्त्याच्या बाजूला बसले, पटकन उठून जाता येईल असे. समोरच्या बाजूला हजाराच्या आसपास माणसे असावीत. मारोतराव गोलामागे. पूर्वार्धात ते एक शब्द बोलले नाहीत. मी त्यांच्यापासून दहा पावलांवर होतो. करीमने दोन वेळा मागे वळून त्यांच्याकडे बघितले. चेंडू अडवताना जीव टाकत होता तो एकटाच. त्याच्या संघातले बाकीचे खेळाडू, चेंडू पायाजवळ आला की तो मैदानाबाहेर मारत. मध्यंतरापर्यंत गोल झाला नाही. बाजू बदलल्या तसे मारोतरावही करीमच्या मागे जाऊन बसले.

उत्तरार्ध सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल. आमचा उजवा फॉरवर्ड चेंडू घेऊन निघाला, तेव्हा मोहल्ल्याचा बॅक बाजूला झाला. पाय घसरल्याचे सोंगही त्याने केले नाही. वाट देऊन तो नुसता उभा राहिला. चेंडू करीमच्या हाताला लागून आत गेला. समोरून आरोळी उठली. मोहल्ल्याच्या लोकांनी माना खाली घातल्या. ती आरोळी विरत असताना मारोतराव उभे राहिले आणि मोंढ्यातल्या त्या आवाजात म्हणाले, ‘ह्यो मी मापात धरत न्हाई.’

हजार माणसे त्यांच्याकडे वळली. मारोतराव पुढे म्हणाले, ‘करीम, तुज्या बॅकाला सांग, खोटं माप घालायलाय म्हनावं. असला लाभ मोंढा घेत नसतो.’

त्यानंतरचे काही क्षण मी आयुष्यात विसरलेलो नाही. आमच्या बाजूची काही माणसे उठून उभी राहिली. त्यांतल्या दोघांच्या हातात काठ्या होत्या. खेड्यातला माणूस काठी घेऊनच चालतो, हे मला माहीत होते, तरी मी त्या काठ्यांवरून नजर काढू शकलो नाही. अमीन दोन पावले पुढे आला. रस्त्याच्या बाजूचे तीस जण उठले, पळण्यासाठी. मी वहीत वेळ टिपून घेण्याचा प्रयत्न केला आणि मला आकडा लिहिता येईना... तेवढ्यात करीमने जाळीतून चेंडू काढला, मागे न बघता मधोमध फेकला आणि म्हणाला, ‘पहले तेरी पायली जाँच, मारोती. बरसों से फुटेली है.’

पहिले कोण हसले ते कळले नाही. बहुधा अमीनच. उभ्या राहिलेल्यांपैकी एकजण बसला, मग बाकीचे बसले. मोहल्ल्याचे लोक मात्र बराच वेळ उभेच होते. नंतर तेही एकेक करून बसले. पुढची वीस-पंचवीस मिनिटे जो खेळ झाला तो त्या वर्षातला एकमेव खरा खेळ. मारोतरावांच्या तोंडाला खळ नव्हता. वाट सोडणाऱ्या त्याच बॅकने दोनदा आमच्या फॉरवर्डला आडवे पाडले, आणि शेवटी मोहल्ल्याकडून खेळणाऱ्या त्या जोशीने गोल केला. बरोबरी. शील्ड मोहल्ल्याची झाली.

भीती तिथे संपली नाही. शील्ड घेऊन मोहल्ल्यापर्यंत जायचे होते आणि वाट मोंढ्यावरून होती. मारोतराव त्यांच्या मागोमाग चालत निघाले, तोंडाने एकसारखे चिडवत. पुढल्या साली बघतो, शील्ड घासून-पुसून ठेवा, आमालाच द्यायचीय. दुकानांच्या फळ्यांमागून माणसे बघत होती. मारोतरावांचा घसा बसला होता, तरी ते थांबेनात. मी त्यांच्याबरोबर होतो. मोहल्ल्याच्या कोपऱ्यावर करीम थांबला, ‘बस, अब घर जाओ,’ म्हणाला, आणि आम्ही दोघे परत फिरलो.

त्या आठवड्यात मारोतरावांच्या पत्र्यावर दोनदा दगड पडले. पंधरा दिवस मोंढ्यात त्यांना कोणी माप घालायला बोलावले नाही. त्यांच्या पत्नी यमुनाबाई माझ्याकडे येऊन म्हणाल्या, ‘मास्तर, तुमचं आयकत्यात. त्येनला म्हनाव, तोंड मिटून बसा.’ मी तो निरोप पोचवला. मारोतराव म्हणाले, ‘भ्या तर मलाबी वाटतंय की. लय वाटतंय.’ आणि पुढच्या हिवाळ्यात ते पुन्हा करीमच्या गोलामागे जाऊन बसले. मी माझ्या वृत्तात लिहिले होते : ‘सामना शांततेत पार पडला.’ पहिल्या गोलानंतर कोण काय बोलले, हे मी गाळले होते. जागा नव्हती असे संपादकांना सांगितले. जागा होती.

गेल्या रविवारी मी परभणीला जाऊन आलो. मारोतरावांचे घर एका खोलीचे. भिंतीला पाठ लावून मोहल्ल्यातले सहा-सात जण बसले होते. करीम दाराशी होता, आता दाढी पांढरी झालेली. कोणी बोलत नव्हते. मीही जाऊन तसाच बसलो. यमुनाबाई कोपऱ्यात होत्या. त्या म्हणाल्या, ‘असं गप नका बसू, बाबांनो. मला भ्या वाटायलंय.’

करीम म्हणाला, ‘भाभी, बुरा नक्को मानो. मोंढा इस साल बी नै जीतता.’

‘कामून न्हाई? नवा सेंटर चांगला हाय म्हनं.’

‘चांगला?’ भिंतीजवळचा एकजण म्हणाला. ‘त्याला डावा पाय हाय का, भाभी? देवानं एकच दिलाय.’

‘तुमच्या गोलकीपरला तर दोनी हात न्हाईत,’ यमुनाबाई म्हणाल्या.

मग दुसरा बोलला, तिसऱ्याने त्याला खोडले, आणि पाहता पाहता आवाज चढले. भांडण लागले की काय म्हणून शेजारचा एकजण घाबरून दारात आला. यमुनाबाईंनी त्याला हातानेच आत बोलावले आणि बसायला जागा व्हावी म्हणून थोड्या सरकल्या.